भाषणाची सुरुवात आणि शेवट: कोणत्या क्रमाने बांधायची, आणि नेमकं कुठे चुकतं

वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसते तेव्हा माझ्या वहीत दोन शेरे इतक्या वेळा पडतात की त्यांच्यासाठी मी खुणाच ठरवून टाकल्या आहेत. ‘उ’ म्हणजे उशिरा सुरू झालं: पहिलं दीड मिनिट नावं, आभार आणि ‘मी काही मोठा वक्ता नाही’ यात गेलं. ‘घ’ म्हणजे घिरट्या: शेवट जवळ आला, पण विमान काही उतरेना. ‘शेवटी एवढंच सांगेन’ असं तीनदा म्हणून झालं तरी माणूस बोलतोच आहे.

ही दुखणी स्पर्धेपुरती नाहीत. निरोप समारंभ, वार्षिक सभा, कार्यालयातलं सादरीकरण, सगळीकडे तीच. मुळाशी एकच सवय असते: लोक भाषण पहिल्या वाक्यापासून लिहायला बसतात आणि वेळ संपेल तिथे थांबतात.

खालचा क्रम त्यामुळे तुम्हाला उलटा वाटेल. एकदा तसाच पाळून पाहा. उदाहरणासाठी लेखभर एकच भाषण धरू: विषय रक्तदान, वेळ दहा मिनिटं, समोर शंभरेक माणसं, आणि त्यातल्या बहुतेकांनी कधीच रक्त दिलेलं नाही.

## १. आधी शेवटचं वाक्य लिहा

कोरा कागद घ्या आणि त्याच्या तळाशी लिहायला सुरुवात करा. प्रश्न एकच: मी खाली बसल्यावर समोरच्या माणसाने काय करायला हवं? ‘जागृती व्हावी’, ‘महत्त्व पटावं’ ही उत्तरं चालणार नाहीत. ती झाली की नाही हे कोणालाच दिसत नाही. आपल्या उदाहरणात उत्तर असं येईल: दाराशेजारच्या टेबलावर कागद ठेवलाय, त्यावर नाव आणि सोयीचा वार लिहावा. हे दिसतं, मोजता येतं.

प्रत्येक भाषणात मागणी असेलच असं नाही. निरोपाच्या भाषणात लोकांनी करण्यासारखं काही नसतं. तिथे त्यांनी घरी जाताना सोबत न्यावं असं एक चित्र निवडा. निवृत्त होणारी बाई रोज सगळ्यांच्या आधी येऊन खिडक्या उघडायची, एवढं पुरतं. तिच्या बारा गुणांची यादी कोणी घरी नेत नाही.

मग त्या वाक्याची भाषा घासा. इथे मराठीची एक अडचण आहे. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, आणि भाषणात ते क्रियापद बहुतेक वेळा ‘आहे’ असतं. ‘आपण सर्वांनी या बाबीचा गांभीर्याने विचार करणे अत्यंत गरजेचे आहे.’ आवाज सगळा जोर ‘गरजेचे’वर खर्च करतो आणि ‘आहे’वर विरून जातो. लोकांना वाक्य संपलं हेच कळत नाही. शेवटी जोर पेलणारं क्रियापद ठेवा (‘लिहा’, ‘या’, ‘थांबवा’), नाहीतर शब्दांचा क्रम फिरवून वजनदार शब्द शेवटी आणा. आपल्या रक्तदानाच्या भाषणात तिसऱ्या टप्प्यात एक पिशवी येणार आहे. ‘ती पिशवी रविवारपर्यंत आहे’ आणि ‘त्या पिशवीची मुदत फक्त रविवारपर्यंत’ ही दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा, फरक कानालाच कळेल.

लांब जोडाक्षरं शेवटच्या वाक्यात ठेवू नका. घाबरल्यावर लाळ कमी सुटते, तोंड कोरडं पडतं, आणि ‘कर्तव्यनिष्ठतेच्या’ वगैरे शब्दांवर जीभ हमखास अडखळते.

सावधान: कवितेची किंवा सुविचाराची ओळ शेवटी लावायचा मोह टाळा. ओळ प्रसिद्ध असेल तर तुमच्या आधी श्रोतेच ती पूर्ण करतात. प्रसिद्ध नसेल तर ती कोणाची हे सांगण्यात शेवट जातो. एवढी मेहनत करून अखेरचा शब्द उसना कशाला?

तपासणी: फक्त शेवटचं वाक्य एखाद्याला वाचून दाखवा आणि ‘भाषण कशावर असेल?’ असं विचारा. सांगता आलं नाही तर ते वाक्य कुठल्याही भाषणाला चालणारं आहे, म्हणजे तुमच्या भाषणाचं नाही.

## २. मधल्या भागाची हद्द आखा

मधल्या भागावर हा लेख नाही, म्हणून दोनच सूचना. दहा मिनिटांत तीन मुद्दे बसतात, ओढूनताणून चार. आणि प्रत्येक मुद्द्यासमोर ‘ठेवायचा’ किंवा ‘गाळता येईल’ असं आत्ताच लिहून ठेवा. हे लिहिलेलं सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

दहा मिनिटांतलं साधारण एक मिनिट सुरुवातीला आणि पाऊण मिनिट शेवटाला राखून ठेवा. सभेत सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. तुमचा वेग वेगळा असू शकतो, तेव्हा एक पान उभ्याने, मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचून घेतलेली वेळ नेहमी कमी भरते.

## ३. सुरुवात सगळ्यात शेवटी लिहा

कुठे जायचं ते आता ठरलंय, म्हणून दार कुठलं उघडायचं हेही कळतं. सुरुवातीने दोन कामं करायची असतात: मोबाईलकडे वळलेली नजर उचलायची, आणि ती शेवटाच्या दिशेने वळवायची. बऱ्याच ‘जोरदार’ सुरुवाती पहिलं काम करतात आणि दुसरं विसरतात. विनोदावर सभागृह हसतं, मग वक्ता म्हणतो, ‘असो, तर आजचा आपला विषय...’ ते ‘असो’ म्हणजे सांधा निखळल्याचा आवाज.

आपल्या उदाहरणाच्या तीन सुरुवाती पाहा.

पहिली: ‘रक्तदान हे सर्वश्रेष्ठ दान आहे असे म्हटले जाते.’ हे सगळ्यांनी भिंतींवर वाचलेलं आहे, त्यामुळे कोणी ऐकत नाही.

दुसरी: ‘तुमच्यापैकी किती जणांनी रक्तदान केलंय? हात वर करा.’ हे चालू शकतं, पण इथे धोका आहे. बहुतेकांनी केलेलं नाही हे आपल्याला माहीत आहे. पाच हात वर होतील, उरलेले पंचाण्णव जण पहिल्याच मिनिटाला अपराधी वाटून आक्रसून बसतील. प्रश्न विचारायचाच तर समोरचं उत्तर काय येणार आणि त्यावर पुढचं वाक्य काय, दोन्ही तयार हवीत.

तिसरी: ‘आज मंगळवार. आज सकाळी कोणीतरी रक्त दिलं असेल, आणि त्यातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून एका पिशवीत भरल्या असतील. प्लेटलेट्स साधारण पाच दिवस टिकतात. म्हणजे त्या पिशवीची मुदत फक्त रविवारपर्यंत. रविवारपर्यंत ती कोणाला लागली नाही, तर टाकून द्यायची. आणि सोमवारी कोणाला लागली, तर तोवर दुसऱ्या कोणीतरी रक्त दिलेलं असायला हवं.’

तिसरीत सजावटीचं विशेषण एकही नाही. आज कोणता वार आहे हे श्रोत्यांना माहीत आहे, तिथून वक्त्याने त्यांना हात धरून सोमवारपर्यंत नेलं. साठवून ठेवा म्हटलं तरी हे साठवता येत नाही, म्हणून माणसं पुन्हा पुन्हा लागतात, हा भाषणाचा गाभा न सांगताच आत आला. शिवाय शेवटी परत यायला ‘रविवार’ ही खूण मिळाली:

‘मंगळवारच्या त्या पिशवीची मुदत रविवारी संपते. तिच्या जागी दुसरी ठेवायला एक माणूस लागतो आणि त्याचा साधारण तासभर वेळ. दाराशेजारच्या टेबलावर एक कागद आहे. तुमचं नाव आणि सोयीचा वार लिहा.’

सुरुवातीची एखादी वस्तू, व्यक्ती किंवा वेळ शेवटी पुन्हा आणली की श्रोत्याला वर्तुळ पुरं झाल्याचं कळतं; ‘आता समारोप करतो’ असं जाहीर करावं लागत नाही. पण नुसतीच पुन्हा आणू नका. मधल्या आठ मिनिटांत तिच्यात काही बदल झालेला हवा. सुरुवातीला ती पिशवी कोणा अनोळखी माणसाची होती, शेवटी ती ऐकणाऱ्याची झाली.

आता सुरुवातीच्या नेहमीच्या चुका, मला सर्वांत जास्त खटकणारी आधी.

माफी. ‘मला तयारीला वेळ मिळाला नाही’, ‘आवाज बसलाय, सांभाळून घ्या’, ‘माझ्या आधीचे वक्ते इतकं छान बोलले की...’ वक्त्याला हा विनय वाटतो. श्रोता मात्र त्या क्षणापासून तुमच्या चुका शोधायला लागतो, कारण कुठे पाहायचं ते तुम्हीच दाखवलंत.

शब्दकोशातली व्याख्या. ‘नेतृत्व म्हणजे काय?’ इथून सुरू होणारं भाषण वर्गातल्या तासासारखं ऐकलं जातं, म्हणजे ऐकलं जात नाही.

मोठ्या संख्यांचा मारा. पहिल्या वाक्यात एकच संख्या ठेवा, तीही बोटांवर मोजता येईल अशी. ‘पाच दिवस’ लक्षात राहतं, आठ अंकी आकडा विरून जातो.

तपासणी: लिहिलेल्या सुरुवातीचा पहिला परिच्छेद बोटाने झाका आणि दुसऱ्यापासून वाचा. काही बिघडलं नाही? मग पहिला खोडा. घसा साफ करण्यासाठी लिहिलेला असतो तो. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या भाषणांपैकी निम्म्यांचा तरी पहिला परिच्छेद असा उडतो.

## ४. नावांच्या यादीची सोय लावा

‘व्यासपीठावर उपस्थित आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे...’ ही यादी अनेक ठिकाणी टाळता येत नाही, आणि टाळली तर लोक दुखावतात. तेव्हा ती टाळू नका, जागेवर बसवा. दोन मार्ग आहेत.

एक: यादी आधी, पण एका श्वासात. सूत्रसंचालकाने सगळ्यांची नावं नुकतीच घेतलेली असतात, तुम्ही पदांचा उल्लेख केला तरी भागतं. ‘अध्यक्ष महाशय, पाहुणे आणि मित्रहो.’ मग पूर्ण थांबा, दोन सेकंद. आणि मग खरी सुरुवात. हा थांबा नसेल तर पहिलं चांगलं वाक्य यादीचाच भाग समजून कानांवरून निघून जातं.

दोन: आधी ती मंगळवारची पिशवी, आणि तिच्यानंतर ‘नमस्कार’ व संबोधन. हे जास्त परिणामकारक आहे, पण ज्येष्ठ मंडळी औपचारिकतेला जपणारी असतील तर आयोजकांना आधी कानावर घाला.

संबोधनावरून लोक हमखास विवेकानंदांचा दाखला देतात. ११ सप्टेंबर १८९३ ला शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत ‘अमेरिकेतील माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो’ एवढ्यावरच टाळ्यांचा कडकडाट झाला, हे खरंच. पण त्या औपचारिक सभेत परक्या देशातून आलेल्या माणसाने नातं जोडलं, यात त्या शब्दांचं बळ होतं. आज तेच शब्द प्रत्येक शालेय भाषणाच्या डोक्यावर असतात, आणि त्यामुळे तेच औपचारिक झालेत. समोर बसलेल्यांशी तुमचं खरं नातं कोणतं ते पाहा, आणि त्या नात्याने हाक मारा.

## ५. पाठांतर फक्त दोन टोकांचं

एका स्पर्धेत एक मुलगा आठ मिनिटांचं भाषण घडाघडा म्हणत होता. पाचव्या मिनिटाला बाहेर कुणाची तरी खुर्ची पडली. त्याचा एक शब्द सुटला, आणि पुढचं सगळंच सुटलं. तो दोनदा मागे जाऊन पहिल्यापासून म्हणायला लागला, दोन्ही वेळा त्याच जागी अडकला. त्याने भाषण साखळीसारखं पाठ केलं होतं. एक कडी निसटली की पुढचीला धरायला काही उरत नाही.

सुरुवातीची चार-पाच वाक्यं आणि शेवटची चार-पाच वाक्यं शब्दशः पाठ करा. मधल्यासाठी चिठ्ठीवर मुद्दे. कारण साधं आहे: भीती बोलायला उभं राहताना आणि पहिल्या मिनिटा-दीड मिनिटात शिगेला असते, मग उतरते. तेवढा वेळ तोंडाने आपोआप चालावं एवढी पाठांतराची गरज.

सरावाचा क्रमही टोकांवर भर देणारा ठेवा. सगळे जण सुरुवातीपासून सराव करतात आणि वेळ संपली की थांबतात. परिणाम: सुरुवात तीसदा म्हटलेली, शेवट तीनदा. प्रत्येक वेळी आधी शेवट म्हणा, मग सुरुवात, आणि मगच सबंध भाषण. शेवट उभं राहून, चालताना, भांडी विसळताना म्हणता आला पाहिजे.

‘पण मोठे वक्ते तर शेवट उत्स्फूर्त करतात’, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये लिहिलेला मजकूर बाजूला ठेवला आणि ‘माझं एक स्वप्न आहे’ हा भाग ऐन वेळी घेतला, हे बरोबर आहे. मात्र तेच ध्रुपद त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये डेट्रॉईटच्या सभेत वापरलं होतं. घ्यायचा निर्णय तिथल्या तिथे झाला, शब्द आधी तोंडात बसलेले होते.

तपासणी: शेवटची पाच वाक्यं समोरच्याच्या डोळ्यांत बघत, कागदाकडे न पाहता म्हणता येतात का? अर्ध्यात नजर छताकडे गेली तर अजून पाठ नाही.

## ६. वेळ कापली गेली तर काय, हे आधीच ठरवा

तुमच्या आधीचे दोघे लांबतात, आणि सूत्रसंचालक कानाशी येऊन सांगतो, ‘पाचच मिनिटांत आटपा.’ या वेळी नव्वद टक्के चूक एकच होते: माणूस तेच दहा मिनिटांचं भाषण दुप्पट वेगाने म्हणायला लागतो आणि ‘वेळ संपली’ अशी चिठ्ठी आल्यावर शेवट सोडून बसतो.

सुरुवात तशीच ठेवा. शेवट तसाच ठेवा. मधले ‘गाळता येईल’वाले मुद्दे काढा. त्यासाठी शेवट वेगळ्या कार्डावर लिहून खिशात ठेवा, मुद्द्यांच्या चिठ्ठीखाली नाही. कुठल्याही मुद्द्यावरून थेट त्या कार्डावर उडी मारता आली पाहिजे. घरी एकदा त्याचाही सराव करा: मोबाईलवर गजर लावा, तो वाजेल तिथे वाक्य पूर्ण करा आणि शेवटावर या.

‘वेळेअभावी मी फक्त...’ हे शब्द मात्र उच्चारू नका. तुम्ही काय गाळलं हे श्रोत्यांना ठाऊक नसतं. सांगितलंत तर उरलेलं त्यांना अपुरं वाटायला लागतं.

## ७. पहिली वीस सेकंदं

तुमचं भाषण खुर्चीतून उठताना सुरू होतं. चालत जाऊन कागद ठेवा. माईक तोंडापासून वीतभर किंवा थोडा कमी अंतरावर आणा, आणि त्यावर टिचकी मारू नका. ‘हॅलो, आवाज येतोय का?’ हेच तुमचं पहिलं वाक्य होऊन बसतं. शक्य असेल तर कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहात आवाज तपासा.

दोन्ही पाय जमिनीवर सारखे टेका. एक श्वास घ्या आणि तो घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा, त्याने धडधड थोडी खाली येते. मागच्या रांगेतला एक चेहरा शोधा. मनात तीन मोजा. तुम्हाला ती शांतता अवघड होण्याइतकी लांब वाटेल. समोरून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस ठरवून आलाय. मग पहिलं वाक्य त्या मागच्या चेहऱ्याला उद्देशून म्हणा, म्हणजे आवाज आपोआप तिथवर पोहोचतो.

सावधान: पहिली पाच वाक्यं पाठ आहेत म्हणून ती पळवू नका. पाठ असलेलं नेहमी जास्त वेगाने निघतं.

## ८. उतरण

शेवटचा मुद्दा संपला की थांबा. आवाज थोडा खाली, वेग थोडा कमी. श्रोत्यांना एवढी चाहूल पुरते. ‘शेवटी’, ‘जाता जाता’ हे शब्द फार तर एकदा, आणि ते उच्चारल्यावर मिनिटाच्या आत थांबायचं. ‘शेवटी’ म्हटलं की लोक पिशव्या आवरायला लागतात. त्यानंतर नवा मुद्दा काढलात तर पिशव्या आवरतानाच तो ऐकला जाईल.

शेवटाच्या वेळी नवी माहिती, नवी गोष्ट, विसरलेला मुद्दा, काही नाही. ‘अरे हो, एक सांगायचं राहिलं’ ही घिरट्यांची सुरुवात असते. राहिलं तर राहू द्या.

शेवटचं वाक्य कागदाकडे न पाहता म्हणा. शेवटच्या शब्दापर्यंत आवाज धरून ठेवा. बरेच जण वाक्य संपायच्या आधीच कागद गोळा करायला लागतात आणि आवाजही गोळा होतो.

## ९. शेवटच्या वाक्यानंतर काही बोलू नका

सर्वांत चांगले शेवट इथे वाया जातात. वाक्य नेमकं बसतं, आणि मग: ‘तर मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांचे, अध्यक्षांचे आभार मानतो, आणि माझे दोन शब्द संपवतो, धन्यवाद.’

स्मरणशक्तीच्या प्रयोगांत याचं कारण सापडतं. शब्दांची यादी ऐकवून लगेच आठवायला सांगितलं तर पहिले आणि शेवटचे काही शब्द जास्त आठवतात. ग्लान्झर आणि क्युनिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली यादी संपल्यावर लोकांना ३० सेकंद आकडे मोजायला लावले. सुरुवातीच्या शब्दांचा फायदा टिकला, शेवटच्यांचा गेला. भाषण म्हणजे शब्दांची यादी नव्हे, हे मान्य. तरी शेवटच्या वाक्यामागे अर्ध्या मिनिटाचं आभारप्रदर्शन जोडताना मला हा प्रयोग आठवतो.

आभार मानायचेच असतील तर ते शेवटच्या मुद्द्याआधी, मधल्या भागात ओवा: ‘हा कागद ठेवण्याची सोय आयोजकांनी केली, त्यांचे आभार.’ शेवटच्या वाक्यानंतर दोन सेकंद गप्प, नजर समोर, मग हवं तर नुसतं ‘धन्यवाद’, आणि खुर्चीकडे.

भाषणानंतर प्रश्नोत्तरं असतील तर अडचण वाढते, कारण शेवटचा शब्द कुठल्यातरी भरकटलेल्या प्रश्नाचा होतो. यासाठी दुसरा, छोटा शेवट तयार ठेवा. ‘आणखी एक प्रश्न घेऊ’ असं आधी सांगा, त्याचं उत्तर द्या, आणि मग पुन्हा कागदाकडे वळवा: ‘टेबलावरचा कागद मी जाईपर्यंत तिथेच आहे. रविवारच्या आत तीन नावं आली तरी चालतील.’ पहिल्या शेवटाचे शब्द जसेच्या तसे परत म्हणू नका, ते एकदाच चालतात.

आणि कॉलरला लावलेला माईक असेल तर शेजारच्या वक्त्याला ‘कसं झालं?’ असं विचारण्याआधी तो बंद करा.